जुना संगणक, मुलाचा आग्रह आणि आईच्या ओव्या

वाचकाचं पत्र, थोडक्यात

नाशिकच्या इंदिरानगर भागातले एक वाचक, वय ६८. सातपूरच्या कारखान्यात स्टोअर्समध्ये नोकरी केली. १९८८ मध्ये काळ्या पडद्यावरच्या हिरव्या अक्षरांवर संगणक शिकले. वर्डस्टार, लोटस, फॉक्सप्रो, मग विंडोज ९५ पासून विंडोज १० पर्यंत सगळं वापरून झालं. घरचा डेस्कटॉप २०१४ चा, चौथ्या पिढीच्या इंटेल आय-थ्री प्रोसेसरचा. विंडोज १० चे अपडेट थांबले आणि विंडोज ११ हा संगणक स्वीकारत नाही. पुण्यात आयटीत असलेला मुलगा म्हणतो, "बाबा, तो भंगारात द्या. मी नवा लॅपटॉप पाठवतो, सगळं क्लाउडवर टाकू."

वाचक लिहितात, "संगणक उत्तम चालतो. तो मेला हे परस्पर ठरवणारे हे कोण? पूर्वी वस्तू विकत घेतली की ती आपली व्हायची. आता जिकडे तिकडे खातं उघडा, नंबर द्या, परवानगी द्या. सोसायटीच्या गेटवरसुद्धा ॲप आलं. जुन्या फोनवर बँकेचं ॲप बंद पडलं." घरात रोज वाद होतात. पत्नीला नातीशी व्हिडिओवर बोलायचं असतं, त्यामुळे ती मुलाच्या बाजूने. परवा ती चिडून म्हणाली, "तुमच्या त्या मशीनचा पासवर्ड तरी मला माहीत आहे का?" शेवटी प्रश्न असा, "मी हट्टी म्हातारा झालोय, की माझं म्हणणं बरोबर आहे?"

ता. क. मध्ये दोनच ओळी आहेत: "निफाड तालुक्यातल्या आमच्या गावी आई जात्यावर म्हणायची त्या चारेकशे ओव्या मी १९९९ ते २००१ मध्ये टाइप केल्या होत्या. काही फ्लॉपीवर आहेत, काही या संगणकात. त्या आता नीट दिसत नाहीत, पण तो वेगळा विषय."

उत्तर

नमस्कार.

तो वेगळा विषय नाही. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या ता. क. पाशी थांबले. तिथे येतेच, पण आधी तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देते.

तुम्ही हट्टी झालेला नाहीत. चालती वस्तू टाकायला मन धजत नाही, हे चांगलंच वळण आहे. मिक्सरचं भांडं गळायला लागलं तर आपण वायसर बदलतो, मिक्सर फेकत नाही. तुमचा संगणक मंद आहे म्हणून विंडोज ११ त्याला नाकारत नाही. त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप हवी असते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीच्या पुढचा, म्हणजे २०१७ नंतरचा. तुमच्याकडे ते नाही. तुमच्यासारखे कितीतरी धडधाकट संगणक एका यादीत बसत नाहीत म्हणून अडगळीत निघाले. याचा राग यायलाच हवा. मलाही येतो.

पण "उत्तम चालतो" हे तुमचं म्हणणं मला अर्धंच पटतं. विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. त्यानंतर प्रणालीत जी भोकं सापडतील ती तुमच्याकडे उघडीच राहणार. आपण जपून वापरतो, आपल्याला काही होत नाही, असं जुन्या वापरकर्त्यांना वाटतं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा घातक प्रोग्रॅम आला, तेव्हा ब्रिटनच्या कितीतरी सरकारी रुग्णालयांतले संगणक एका दिवसात बंद पडले. तो ज्या भोकातून शिरत होता त्याची दुरुस्ती दोन महिने आधी, मार्चमध्येच आली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती त्यांच्याकडे तो शिरला, आणि त्यासाठी कोणाला चुकीच्या लिंकवर क्लिकही करावं लागलं नाही. पस्तीस वर्षांचा अनुभव त्या दिवशी कोणाच्या कामी आला नसता.

तेव्हा विंडोज १० वर बँकेचे व्यवहार करू नका, एवढं माझं ऐका. अपडेटसाठी जास्तीची मुदत मिळते, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, पण तिच्यासाठी मायक्रोसॉफ्टचं खातं उघडावं लागतं. तुमचा विरोध नेमका त्यालाच आहे. शिवाय ती मुदतही संपणारच.

आता तुमच्या पत्रातलं दुसरं वाक्य घेते. "पूर्वी वस्तू विकत घेतली की ती आपली व्हायची." संगणकाच्या पेटीबद्दल हे खरं आहे. आतल्या सॉफ्टवेअरबद्दल ते तेव्हाही खरं नव्हतं. तुम्ही सीडी विकत घेतलीत, तेव्हा मिळाला तो वापरायचा परवाना. तो परवाना घरी येऊन कोणी तपासत नव्हतं, म्हणून ती वस्तू आपली वाटायची. मग २००१ मध्ये विंडोज एक्सपीबरोबर ‘ॲक्टिव्हेशन’ आलं, म्हणजे परवाना कंपनीकडून तपासून घेणं, आणि संगणकाला कंपनीला विचारून चालायची सवय लागली. २०१३ मध्ये अडोबीने पुढची सॉफ्टवेअर फक्त भाडेतत्त्वावर द्यायचं ठरवलं. त्याआधी २००९ मध्ये ॲमेझॉनने लोकांनी पैसे मोजून घेतलेलं एक पुस्तक त्यांच्या किंडल या वाचनयंत्रातून परस्पर काढून घेतलं होतं. पैसे परत दिले, नंतर माफीही मागितली. पण आपल्या कपाटातलं पुस्तक दुकानदार काढून नेऊ शकतो, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

म्हणजे हे बदल एका दिवसात झालेले नाहीत. जे कुलूप तुम्हाला आज दिसतंय ते तुमच्या घरात पंचवीस वर्षांपासून आहे. मला हे कसं कळलं ते सांगते.

नव्वदच्या दशकात मी रविवार कारंज्याजवळच्या एका गल्लीत डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईची पानं मांडायचं काम करायचे. लग्नपत्रिका, हँडबिलं, आणि श्रावणापासून दिवाळी अंक. मराठी टाइप करायचं आमचं सॉफ्टवेअर एका हार्डवेअर लॉकवर चालायचं. आगपेटीएवढा काळा ठोकळा, संगणकाच्या मागे प्रिंटरच्या पोर्टमध्ये घट्ट बसवलेला. तो असेल तरच मराठी अक्षरं उमटायची. एका ऑक्टोबरात, अंक छपाईला जायच्या दोन आठवडे आधी, वीज गेली, आली, आणि लॉक गेलं. विक्रेत्याचं म्हणणं पडलं की नव्याने घ्यावं लागेल, पूर्ण किमतीला, आणि पंधरा दिवस लागतील. आमच्याकडे फाइल होत्या. सगळ्या होत्या. उघडल्या की इंग्रजी अक्षरं, मध्येच डॉलरचं चिन्ह, स्वल्पविराम, टक्के. शेवटी लेखकांची हस्तलिखितं पुन्हा मागवली, पहिल्या प्रुफांचे कागद कचऱ्यातून शोधून काढले, आणि दुसऱ्या दुकानात बसून चौसष्ट पानं मी परत टाइप केली. एका ज्येष्ठ बाईंची कथा मात्र मिळाली नाही. त्यांच्याकडे दुसरी प्रत नव्हती. "असू दे गं," म्हणाल्या. ते "असू दे गं" अजून माझ्या कानात आहे.

म्हणून तुमच्या ओव्या वाचल्यावर मी थांबले.

तुमच्या फाइल का दिसत नाहीत, हे बहुधा असं आहे. त्या काळच्या फॉन्टमध्ये संगणकाला मराठी कळतच नव्हती. इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असायचं, बस. कोणत्या जागी कोणतं चित्र, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. फॉन्ट संगणकात आहे तोवर ओवी दिसते. फॉन्ट गेला की मागची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. तुमचा संगणक विंडोज ७ वरून १० वर गेला असेल किंवा मध्ये कधी फॉरमॅट झाला असेल, तेव्हा फॉन्ट गेला. मजकूर तिथेच आहे. आईच्या ओव्या गेलेल्या नाहीत, हे आधी मनाला सांगा.

आता युनिकोड ही जगभर चालणारी पद्धत आहे, तिच्यात प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. ‘क’चा ०९१५, तो जगातल्या कोणत्याही संगणकावर, कोणत्याही कंपनीच्या फॉन्टमध्ये तोच. आज तुम्ही फोनवर जे मराठी टाइप करता ते हेच. तुमच्या ओव्या युनिकोडमध्ये आल्या की त्यांच्यावर कोणाचं कुलूप राहणार नाही. नाती-पणतींना त्या उघडायला काहीही विकत घ्यावं लागणार नाही.

आता तुमच्या आणि मुलाच्या वादाकडे पाहा. मुलगा म्हणतो तसा संगणक आज भंगारात दिलात, तर तो जुना फॉन्ट आणि ते सॉफ्टवेअर जिथे कदाचित अजून सापडू शकेल अशी एक जागा जाईल. आणि तुम्ही म्हणता तसा तो आहे तसाच ठेवलात, तर एके दिवशी त्याची दहा-बारा वर्षांची हार्डडिस्क बसेल आणि ओव्या तिच्याबरोबर जातील. तुम्ही दोघं यंत्रावर भांडताय. मला विचाराल तर यंत्र ठेवा की टाका, आधी त्यातलं तुमचं जे आहे ते मोकळं करा.

"मोकळं" हा शब्द मी मुद्दाम वापरला. तुमचा सगळा राग ज्या स्वातंत्र्यासाठी आहे, त्याचा विचार लोकांनी फार पूर्वीपासून केलेला आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा प्रोग्रॅमर होता. कागद अडकला की प्रिंटरने सगळ्यांना कळवावं, अशी सोय त्याने जुन्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतः करून घेतली होती. नवा प्रिंटर आला, त्याचा सोर्स कोड, म्हणजे सॉफ्टवेअरची मूळ लिखित संहिता, मात्र मिळेना, आणि मागायला गेल्यावर नकार मिळाला. अडकलेल्या कागदापायी माणूस किती चिडतो हे तुम्हाला स्टोअर्समधल्या डॉट मॅट्रिक्सवरून आठवत असेल. १९८३ मध्ये त्याने ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. सॉफ्टवेअर कोणत्याही कामासाठी चालवता यावं, ते आतून कसं चालतं हे पाहून बदलता यावं, दुसऱ्याला देता यावं आणि आपण बदललेलंही देता यावं, ही त्यामागची चार स्वातंत्र्यं. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्झने लिनक्स या संगणक प्रणालीचा गाभा लिहिला, तो त्याला येऊन मिळाला.

इंग्रजीत याला ‘फ्री’ म्हणतात आणि मग फुकट म्हणजे काय यावर तास तास बोलत बसतात. आपल्याला ती अडचण नाही. आपल्याकडे ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि नाशिककरांना तर १९८९ पासून मुक्त विद्यापीठ माहीत आहे. तिथे फी भरावी लागते, पण दार कोणासाठी बंद नसतं. मुक्त सॉफ्टवेअरही तसंच. बहुतेक वेळा ते पैसे न देता मिळतं, पण त्याचं खरं मोल दार उघडं असण्यात आहे.

तुमच्या २०१४ च्या संगणकावर हे चालेल, आणि चांगलं चालेल. लिनक्स मिंट या मुक्त प्रणालीपासून सुरुवात करा, त्याचा चेहरा विंडोजच्या बराच जवळ आहे. मुलाला सांगा, पेन ड्राइव्हवर घालून दे. संगणक त्या पेन ड्राइव्हवरून सुरू होतो आणि आतल्या हार्डडिस्कला हातही न लावता सगळं वापरून पाहता येतं. आठवडाभर तसंच वापरा. प्रिंटर चालतो का पाहा, स्कॅनर पाहा, आवाज पाहा. मराठीसाठी इनस्क्रिप्ट कळपाट त्यात असतो, स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. लिबरऑफिसमध्ये जुन्या वर्डच्या फाइल उघडतात. पान मांडणीच्या पेजमेकरच्याही उघडायचा प्रयत्न ते करतं, पण मांडणी हलते, हे डीटीपीवाल्या वाचकांनी लक्षात ठेवावं. बँकेची वेबसाइट ब्राउझरमध्ये उघडते. हिशेबाचं टॅली मात्र त्यावर सरळ चालत नाही, तेव्हा ज्यांचं पोट टॅलीवर आहे त्यांनी घाई करू नये. हे काही साधूचं अवघड व्रत नाही. केरळच्या सरकारी शाळांमध्ये मुलं वर्षानुवर्षं मुक्त प्रणालीवरच संगणक शिकत आली आहेत.

मंदपणा जाणवत असेल तर हार्डडिस्कच्या जागी एसएसडी ही वेगवान डिस्क बसवून घ्या आणि रॅम चार जीबी असेल तर आठ करा. तुमच्या मशीनला डीडीआर-थ्री रॅम लागते. एमजी रोडच्या बाजूला कोणताही बरा दुरुस्तीवाला तासाभरात हे करून देईल. जुनी हार्डडिस्क मात्र त्याच्याकडे सोडून येऊ नका. ती पिशवीत घालून घरी आणायची, ओव्या तिच्यात आहेत.

क्लाउडबद्दल मुलाचं म्हणणं सरसकट उडवून लावू नका. घराबाहेर एक प्रत असणं फार गरजेचं आहे. आग लागते, चोरी होते, पुराचं पाणी शिरतं. गोदाकाठच्या दुकानदारांना हे सांगायला नको. पण फक्त क्लाउडवर ठेवणं म्हणजे सगळे दागिने एकाच लॉकरमध्ये आणि त्याची किल्ली फोनच्या सिममध्ये. नंबर बंद झाला, ओटीपी येईना, की संपलं. दोन वर्षं वापर नसलेली वैयक्तिक खाती गूगल काढून टाकू शकतं, हे त्यांचं धोरण डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. तेव्हा क्लाउडवर एक, तुमच्याकडे बाहेरच्या हार्डडिस्कवर एक, आणि तिसरी मुलाकडे पुण्यात किंवा गावी, अशा तीन प्रती ठेवा. घरी लिहिलेल्या जुन्या सीडी असतील तर त्या आजच उतरवून घ्या. त्यांचा थर खराब होतो, आणि वरून पाहून कळत नाही.

इथवर मी बहुतेक तुमच्या बाजूने बोलले. आता जे लिहिते ते रागावू नका.

वहिनी म्हणाल्या, "तुमच्या त्या मशीनचा पासवर्ड तरी मला माहीत आहे का?" तुम्ही ते वाक्य भांडणाचा पुरावा म्हणून लिहिलंय. मला ते पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वाटलं. कंपन्या किल्ली स्वतःच्या हातात ठेवतात, आपल्याला विचारत नाहीत, आपल्यावर अवलंबून राहायला लावतात, ही तुमची तक्रार आहे. तुमच्या घरात वहिनींची हीच तक्रार आहे. गॅसचा ओटीपी तुमच्या फोनवर येतो. महावितरणचं बिल, सोसायटीचा मेंटेनन्स, पेन्शनचं खातं, सगळं तुमच्या नंबरला जोडलेलं. पस्तीस वर्षं तुम्ही हे प्रेमाने, जबाबदारीने केलंत, यात मला शंका नाही. पण उद्या तुम्हाला आठ दिवस दवाखान्यात राहावं लागलं, तर सिलिंडर कोण बुक करणार? आणि त्यांना नातीचा चेहरा पाहायचा असतो, त्यासाठी त्यांना दर वेळी तुमची परवानगी लागते का, हेही एकदा स्वतःला विचारा.

माझी सूचना अशी. मुलाला लॅपटॉप पाठवू द्या, आणि तो वहिनींचा असू द्या. त्यांच्या नावाचं खातं, त्यांनी स्वतः ठेवलेला पासवर्ड. चुकल्या तर चुकू द्या. तुम्ही शेजारी बसा, माउस हातात घेऊ नका. हे किती कठीण जातं ते मला माहीत आहे, माझ्या हाताखाली मुली शिकायच्या तेव्हा मी मुठी आवळून बसायचे. नव्या लॅपटॉपला अपडेट मिळतील, बँकेचं काम तिथे होईल, नात तिथे दिसेल. तुमच्या जुन्या संगणकावर मग कोणी बोट ठेवणार नाही.

आणि एक वही करा. साधी शंभर पानी. कोणतं खातं कुठे, कोणत्या नंबरला जोडलेलं, पासवर्ड काय, वारस म्हणून नाव कोणाचं लावलं आहे. पिन मात्र त्यात लिहू नका. वही कपाटात, दागिन्यांशेजारी. पासवर्ड कागदावर लिहू नये असं ऑफिसात शिकवतात, पण त्या वहीपर्यंत हॅकर पोचणार नाही आणि वहिनी पोचतील. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी पत्रांत नवरा गेल्यावर बाईला स्वतःच्याच घरातलं काही उघडता येत नाही, ही एकच गोष्ट असते.

फोन आणि सोसायटीबद्दल थोडक्यात. बँकेचं ॲप जुन्या फोनवर बंद पडतं त्याला कारण आहे: त्या फोनला सुरक्षेची दुरुस्ती मिळणं बंद झालेलं असतं आणि बँक तो धोका घेत नाही. मला यात बँक चुकीची वाटत नाही. तेवढ्यासाठी फोन बदलायचा नसेल तर *९९# डायल करून इंटरनेटशिवाय व्यवहार होतात, आणि साध्या फोनसाठी २०२२ पासून यूपीआय १२३पे ही सोय आहे.

गेटच्या ॲपबाबत मात्र तुमच्या बाजूला कायदा आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, अंमल टप्प्याटप्प्याने होतो आहे. संमती मोकळेपणाने दिलेली असावी आणि कामापुरत्याच माहितीची असावी, असं तो सांगतो. कायद्यातच उदाहरण दिलंय: ॲप डॉक्टरी सल्ल्याचं असेल तर त्याला तुमच्या फोनमधली नावं-नंबर लागत नाहीत. गेट उघडायलाही ती लागत नाहीत. समितीला भांडणाच्या सुरात लिहू नका. गेटवर रजिस्टरही चालू ठेवा, ॲप नसलेल्यांसाठी इंटरकॉमवर विचारा, एवढीच मागणी करा आणि सोसायटीतल्या आणखी चार ज्येष्ठांच्या सह्या घ्या. ते चौघे नक्की सापडतील. तुमच्यासारखंच त्यांनाही वाटत असतं, फक्त ते बोलत नाहीत.

आता ओव्या. हे काम या महिन्यात सुरू करा, बाकी सगळं थांबलं तरी चालेल.

आधी फ्लॉपी. यूएसबीला लावायचा फ्लॉपी ड्राइव्ह मिळतो. पंचवीस वर्षांच्या फ्लॉपीला एकच संधी आहे असं समजून चला. आत टाकली की लगेच सगळ्या फाइल संगणकावर उतरवा, तिच्यावरच उघडून वाचत बसू नका. घासल्याचा आवाज आला तर बाहेर काढा आणि ड्राइव्हचं हेड पुसल्याशिवाय पुढची घालू नका. मग जुना फॉन्ट शोधा. तो बहुधा एखाद्या जुन्या सीडीवर किंवा जुन्या हार्डडिस्कच्या फॉन्ट फोल्डरमध्ये असेल. नाव आठवत नसेल तर वर्डमध्ये ती न दिसणारी फाइल उघडा, मजकुरावर क्लिक करा आणि वरच्या चौकटीत पाहा. फॉन्ट नसला तरी त्याचं नाव तिथे टिकून असतं. फॉन्ट सापडला आणि ओव्या दिसायला लागल्या की त्याच क्षणी पीडीएफ करा आणि कागदावर छापून ठेवा. पुढे काहीही बिनसलं तरी हा कागद तुमच्या हातात राहील.

त्यानंतर रूपांतर. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये नेणारे कन्व्हर्टर मिळतात, तुमच्या फॉन्टच्या नावाने शोधा. आधी पाचच ओव्या घालून पाहा, कारण दोन ठिकाणी ते हमखास चुकतात. ऱ्हस्व वेलांटी जुन्या पद्धतीत अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. म्हणून ‘विठ्ठल’चा ‘िवठ्ठल’ होतो. रफार याच्या उलट, जुन्या पद्धतीत तो अक्षरानंतर यायचा आणि युनिकोडमध्ये अक्षराच्या आधी साठवला जातो, म्हणून ‘सूर्य’चा ‘सूयर्’ होतो. चारशे ओव्यांत विठ्ठल किती वेळा येत असेल याची मला कल्पना आहे.

संगणकाचं शुद्धलेखन तपासणारं साधन इथे उपयोगाचं नाही, ओवीतली बोली त्याला सगळीच चूक वाटेल. तुमच्या आईंनी ‘म्या’ म्हटलं असेल तर ‘म्या’च राहू द्या. तपासायला वहिनींना घ्या. लग्नानंतर सासूबाईंबरोबर जात्यावर त्याही बसल्या असतील, निदान त्या ओव्या त्यांच्या कानावरून गेल्या असतील. छापलेला कागद त्यांच्या हातात द्या, तुम्ही पडद्यासमोर बसा, आणि त्यांना चालीत म्हणायला सांगा. जिथे त्या अडखळतील तिथे अक्षर चुकलेलं असेल.